विमानात बघ

कात्री सापडत नव्हती आणि खारूताईचा पारा चढला होता. शिवणाच्या डब्यात नाही, खिडकीच्या कट्ट्यावर नाही, उशीखाली नाही. दारावरून जाणारी शेजारीण सवयीने म्हणाली, "विमानात बघा की."

म्हणणारीच्या मनात काही नव्हते. ती या वसाहतीत लग्न होऊन आली, तेव्हा ते विमान जमिनीला खिळून कितीतरी वर्षे झाली होती. हरवलेल्या वस्तूविषयी इथे असे म्हणायचे असते, एवढेच तिला ठाऊक. किल्ली हरवली, विमानात बघ. पोराचा एक मोजा सापडेना, विमानात बघ. एका घरचा जावई भांडून निघून गेला, तेव्हा नळावरच्या बायकांनी त्यालाही विमानातच धाडला होता. ही थट्टा कुणावरून सुरू झाली हे जाणणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि त्यांतल्या दोघी या एका घरात राहत होत्या.

खारूताईने डब्याचे झाकण असे आपटले की शेजारीण पुढचे न बोलता चालती झाली.

"तिच्यावर कशाला डाफरतेस?" आतल्या खोलीतून वन्संचा आवाज आला. "कात्री माझ्याकडे आहे. दोरा तोडायला घेतली होती."

"मग मघापासून बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू तर नुसती आदळआपट करत होतीस."

वन्सं म्हणजे खारूताईच्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केले नाही, भावाच्या घरीच राहिल्या. भाऊ गेल्यावर नणंद आणि भावजय अशा दोघीच मागे उरल्या. दोन खोल्या, एक ओटा, आणि मधे एक पातळ भिंत. वन्संना कुणी कधी आवाज चढवताना ऐकले नव्हते. खारूताईचा आवाज मात्र रस्त्याच्या टोकाला असलेल्या सायकलवाल्यालाही ओळखू येई.

"मी निघते," खारूताई पायात चपला सरकवत म्हणाली. "आज म्हातारीला कापणार आहेत. आधी शेपूट कापायचं म्हणत होता भंगारचा ठेकेदार."

आतून सुई ओढल्याचा आवाज थांबला.

"जाऊ नकोस," वन्सं म्हणाल्या. "काय ठेवलंय तिथे?"

"तेच बघायला चाललेय. काय ठेवलंय आणि काय नाही ते."

म्हातारी हे त्या विमानाचे नाव. विमानतळाच्या मागच्या कुंपणाशी, धावपट्टी संपून गवत सुरू होते तिथे ते उभे होते: दोन पंख्यांचे, पोटाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत गेलेले जुने प्रवासी विमान. इथल्या कंपनीने ते विकत घेतले तेव्हाच ते इतरांच्या घरी राबून आलेले होते, म्हणून म्हातारी. त्याच्या पूर्वायुष्याविषयी पुष्कळ सांगितले जाते. कुणा राष्ट्रप्रमुखाला त्यातून नेले होते. लढाईत त्यातून जखमी आणले होते. ढगांच्या वर त्यात एक मूल जन्माला आले होते. यांतल्या एकाही गोष्टीला आधार नाही. आधार आहे तो एवढ्याला, की उडालेल्या रंगाखाली आणखी दोन कंपन्यांची अक्षरे दिसतात, आणि खिडक्यांच्या वरच्या सूचना निरनिराळ्या लिप्यांत, एकीवर दुसरी चिकटवलेल्या आहेत. बाकी सगळे सांगणाऱ्यांच्या मर्जीचे.

ते उडायचे का थांबले, याची मात्र वसाहतीतल्या जुन्या माणसांत एकच कहाणी प्रचलित होती, आणि तीत खारूताई होती.

खारूताई हे तिचे खरे नाव नव्हे. वन्सं हँगरमध्ये, विमाने दुरुस्त होत त्या मोठ्या शेडमध्ये, आधीपासून पत्र्याचे काम करत. शेपटाच्या चिंचोळ्या पोकळीत शिरून काम करील असे बारीक अंगाचे माणूस फोरमनला हवे होते. वन्संनी नव्या भावजयीला नेऊन उभी केली. पहिल्याच दिवशी ती पोकळीत अशी सरसर गेली की कुणीतरी खारूताई म्हणाले, आणि पुढे नवराही तिला तेच म्हणू लागला.

रिवेट, म्हणजे पत्रे जखडणारा खिळा, मारणे हे एकट्याचे काम नाही. एकाने बाहेरून ठोके मारणारी यांत्रिक गन धरायची. दुसऱ्याने पत्र्याच्या आत, रिवेटच्या टोकावर लोखंडी ठोकळा दाबून बसायचे. बाहेरचा मार आणि आतला ठोकळा यांच्यामध्ये ते टोक चेपते, पसरते आणि पत्रा जखडला जातो. मधे पत्रा असल्याने दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही, आणि गनच्या धडधडीत बोलणे ऐकू येत नाही. म्हणून आतल्याने ठोकळ्याने पत्र्यावर वाजवायचे. एकदा वाजवले, तर अजून मार. दोनदा, तर झाला, पुढे चल. तीनदा, तर बिघडला. काढून टाक आणि नवा घाल. रिवेट कसा बसला हे फक्त आतल्याला दिसते, म्हणून शेवटचा शब्द आतल्याचा.

वन्सं बाहेर आणि खारूताई आत, अशी ही जोडी. घरी दोघींची चुलीवरून, खिडकीवरून, कपडे वाळत घालण्यावरून कुरबुर चाले. मधे पत्रा असला की मात्र त्यांचे कधी वाकडे आले नाही.

हँगरमध्ये दुसरा एक कडक शिरस्ता होता. भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची पांढऱ्या रंगात आकृती काढलेली असे. हत्यार घेताना तिथल्या खिळ्याला आपला पितळी बिल्ला अडकवायचा. परत ठेवताना काढून घ्यायचा. संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी दिसली, तरी विमान उडत नसे. विमानाच्या पोटात विसरलेला पाना सुकाणूच्या तारांत जाऊन अडकला, तर काय होते ते सगळ्यांना माहीत होते. या शिरस्त्यापुढे फोरमनचे चालत नसे, आणि मालकाचेही नाही.

प्रसंग असा घडला. सामानाची गाडी धडकून म्हातारीच्या शेपटाचा पत्रा फाटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला प्रवासी घेऊन जायचे होते. त्या जागी लागणारे रिवेट बर्फासारखे गार ठेवणाऱ्या विजेच्या पेटीत ठेवावे लागत. पेटीतून काढल्यावर ते थोडा वेळ मऊ असतात, मग कडक होत जातात, आणि कडक झालेल्या रिवेटवर मारले की त्याच्या कडेला केसासारखी चीर पडते. पेटी कधी बंद पडली होती कुणाच्या ध्यानात आले नाही. वन्संनी हात घातला तर रिवेट कोमट लागले.

"नवे गार करायला वेळ नाही," फोरमन म्हणाला. "मारा. आजवर कुठे काय झालंय?"

आत खारूताईने टॉर्चच्या उजेडात पहिला रिवेट पाहिला. चीर. तिने तीनदा वाजवले. बाहेरून पुढचा रिवेट आला. तीनदा वाजवले. पुढचा. ती वाजवत राहिली आणि रिवेट येत राहिले, आणि मधेच गनचा हात बदलल्याचे तिला माराच्या तऱ्हेवरून कळले. वन्सं थांबताच फोरमनने गन त्यांच्या हातातून घेतली होती.

ओळ संपल्यावर ती शेपटातून बाहेर आली, शिडीच्या पायरीवर ठोकळा ठेवला, आणि सगळ्या हँगरसमोर फोरमनला फैलावर घेतले. ती काय काय बोलली याच्या आठवणी वेगवेगळ्या आहेत. ती बराच वेळ बोलली यावर मात्र एकमत आहे. मग हात न धुता, बिल्ला न काढता, तरातरा घरी निघून गेली.

संध्याकाळी फळ्यावर एक आकृती रिकामी होती. ठोकळ्याची. खिळ्याला तिचा बिल्ला.

शेपूट उघडले, शोधले, बंद केले. पुन्हा उघडले. ठोकळा मिळाला नाही आणि म्हातारी उडाली नाही. काही आठवड्यांत कंपनीने शटर ओढले. मालकाने जाताना सांगितले ते असे, की ऐन हंगामात विमान अडकले आणि धंदा बसला. खरे पाहता इंधनवाल्याने त्याआधीच उधारी बंद केली होती आणि कंपनीचे दुसरे विमान कर्जापायी जप्त झाले होते. पण लोकांना कारण सुटसुटीत लागते. खारूताईने रागाच्या भरात ठोकळा शेपटात टाकला आणि सगळ्यांच्या पोटावर पाय आणला. चिडकी बाई, तिच्या हातून राहणारच. आधी हे दात-ओठ खाऊन म्हटले गेले, मग हसत, आणि मग ते "विमानात बघ" झाले.

आणि जे ती कुणाजवळ बोलली नाही ते असे, की तिलाही खात्री नव्हती. पायरीवर ठोकळा ठेवल्याचे तिला आठवत होते. पण शेकडो दिवस तिने तो तिथेच ठेवला होता. त्यांतलाच एखादा दिवस आठवत नसेल कशावरून? रागात माणसाला काय कळते? आज शेपूट कापले जाणार होते. ठोकळा आत असेल, तर लोक म्हणत होते ते खरे. नसेल, तर तिला एकदाचे कळणार होते.

कुंपणाशी पोचली तेव्हा ठिणग्या उडू लागल्या होत्या. फोरमन आधीच येऊन खुर्ची टाकून बसला होता. आता पार वाकला होता, पण केस नीट विंचरलेले. वसाहतीतले पाचसहा जुने रहिवासी त्याच्याभोवती उभे होते आणि तो त्यांना म्हातारीच्या गोष्टी सांगत होता. राष्ट्रप्रमुखाची चालली होती.

"या, खारूताई," तो म्हणाला. "ठोकळा न्यायला आलात?"

"तुम्ही काय, शेपूट न्यायला आलात?"

लोक हसले. फोरमनही हसला. "बघा, धार तीच आहे. म्हटलं होतं मी, म्हातारी गंजेल पण ही नाही गंजायची."

"मावशी, मागे व्हा," ठेकेदार ओरडला. "डोळ्यात जाईल."

शेपूट कुरकुरत खाली आले आणि गवतात आडवे झाले. ते निवेपर्यंत खारूताई कशीबशी थांबली, मग पदर खोचून सरळ पोकळीत शिरली. ठेकेदार "अहो, अहो" म्हणतो आहे तोवर तिचे फक्त पाय बाहेर राहिले होते. पूर्वीचे अंग आता नव्हते. ती खांद्यापाशी अडकली, शिवी घातली, आणि आणखी आत गेली.

आत पाखरांची वाळकी घरटी होती, माती होती, तुटलेल्या तारा होत्या. तिने प्रत्येक कोपरा हाताने चाचपला. ठोकळा नव्हता. पुन्हा चाचपला. नव्हता.

मग तिने त्या ओळीवर बोट फिरवले. रिवेटची टोके चुरमुऱ्यासारखी गळून तळहातात आली.

ती बाहेर आली तेव्हा केसांत काटक्या होत्या. तिने मूठ फोरमनच्या नाकापुढे उघडली. "ठोकळा नाही आत. आणि हे बघा. हे तुमचे रिवेट."

फोरमनने चष्मा वर केला, पाहिले, आणि खांदे उडवले. "इतकी वर्षं उन्हापावसात पडलंय ते. तुमचे-माझे दात तरी जागेवर आहेत का?"

म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आज गळालेला रिवेट त्या दिवशीही गळाला असता, हे त्या तुकड्यांवरून सिद्ध होत नाही. शेपूट उघडून शोधाशोध चालली होती, तेव्हा फोरमनने त्या ओळीवर टॉर्च मारला होता की नाही, हेही आता सांगता येत नाही. पण त्याचे ते खांदे उडवणे पाहून खारूताईची कानशिले तापली. उभे आयुष्य ज्याच्या भीतीने पोखरले, ते आत नाही एवढे दाखवूनही कुणाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नव्हती.

"नसेल तर नसेल," एक जण म्हणाला. "घरंगळला असेल कुठेतरी."

"हो ना, आता त्याचं काय एवढं."

तेवढ्यात विमानाच्या पुढच्या भागातून कापणाऱ्याने हाक मारली. हवाई सुंदरी जिथे चहा-कॉफी करायच्या त्या कपाटवजा जागेतले गरम पाण्याचे उंच भांडे तो उचकटत होता, आणि त्यात काहीतरी खडखडले होते. तो एक गाठोडे घेऊन उतरला. ठेकेदाराने हातात तोलून पाहिले. "लोखंड दिसतंय. वाकड्या आकाराचं."

मग फोरमनने मांडीवर थाप मारली.

"म्हणजे विमानातच होता की!"

असा हशा पिकला की कापणाराही, त्याला काही कळले नसताना, हसू लागला. खारूताईने ठेकेदाराच्या हातातून ते गाठोडे ओढून घेतले.

शेपटात काम करणाऱ्या बाईला चहाच्या कपाटात जायचे काही कारण नव्हते. घरंगळत ठोकळा शेपटातून तिथवर जात नाही, आणि भांड्याचे झाकण स्वतःहून उघडत नाही. हे हसणाऱ्यांपैकी कुणाच्याच लक्षात येत नव्हते. पण ती हे सगळे नंतर म्हणाली असती. आत्ता तिचे लक्ष कापडावर होते. निळ्या ठिपक्यांचे कापड, विटलेले, काठाला डावीकडून उजवीकडे घातलेले टाके. असे टाके डावखुरे माणूस घालते. डावखुरी ती स्वतः होती. एका तुकड्याचे डोक्याला बांधायचे दोन रुमाल तिने शिवले होते: एक स्वतःला, एक वन्संना. तिचा स्वतःचा झिजून केव्हाच पायपुसणे झाला होता. आणि म्हातारी अडकली त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्संच्या डोक्याला करडा रुमाल आला होता. जुना फाटला, असे त्या म्हणाल्या होत्या.

"घेऊन जा, मावशी," ठेकेदार म्हणाला. "तुमचीच आठवण दिसतेय."

ती गाठोडे घेऊन निघाली. फोरमन मागून काहीतरी गमतीचे बोलला आणि पुन्हा हशा झाला.

वन्सं खिडकीपाशी उसवलेली उशी शिवत बसल्या होत्या. खारूताईने गाठोडे त्यांच्यासमोर ठेवले. वन्संनी ते पाहिले, घातलेला टाका पुरा केला, कात्रीने दोरा तोडला.

"सापडला तर."

"सापडला नाही. ठेवलेला होता." खारूताईचा आवाज बसका निघाला. "तू ठेवलास."

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने नणंदेला अहोजाहोशिवाय हाक मारली नव्हती. ते दोघींच्याही ध्यानात आले. वन्संनी सुई उशीत खोचली.

"ठेवला. आणि तशी वेळ आली तर पुन्हा ठेवीन. सकाळी त्यात माणसं बसणार होती. पोरंबाळं घेऊन. तू हँगर डोक्यावर घेतलंस, सगळ्यांनी ऐकलं. थांबलं का विमान?"

"नाही."

"फळ्यावर एक जागा रिकामी राहिली, आणि थांबलं. वाटलं, आता शेपूट उघडतील, कुणाच्या तरी नजरेला ती ओळ पडेल, पत्रा पुन्हा बसवतील. मग ठोकळा काढून देणार होते. दारावर झडती असायची, बाहेर नेता येत नव्हता. म्हणून भांड्यात. तारांपासून लांब."

"मग दिला का नाहीस?"

"कुणाला द्यायचा? तोवर कंपनी बुडाल्याची बोंब झाली होती. मुद्दाम लपवला म्हणून मला तुरुंगात घातलं असतं."

"आणि मला?"

"तुला नुसतं काढलं."

खारूताई खाली वाकली, वन्संच्या अगदी तोंडापाशी. "गन का नाही लपवलीस?"

"काय?"

"गन. तीही पायरीवरच होती, फोरमनने तिथेच टाकली होती. तिच्या खिळ्याला तुझा बिल्ला होता. गन नसती तरी विमान थांबलंच असतं. गन का नाही?"

वन्संनी खिडकीबाहेर पाहिले. "गन मोठी होती. भांड्यात मावली नसती."

"दुसरी जागा मिळाली असती."

"तुला काढणारच होते," वन्सं शेवटी म्हणाल्या. "एवढं बोलल्यावर तुला ठेवणार होते का तिथे? तू स्वतःच्या हाताने स्वतःची नोकरी घालवून घरी निघून गेलीस. मागे मी एकटी उभी, आणि ते विमान. कुणीतरी डोकं शांत ठेवायला नको?"

"पडलं असतं कशावरून? तुला तरी काय माहीत?"

"नाही माहीत. तू तीनदा वाजवलंस. मला तेवढं पुरे होतं."

हे ऐकून खारूताई थोडी मवाळ झाली असती. पण तिला नवरा आठवला. शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातल्या खाटेवर त्याचा चष्मा सापडत नव्हता, ती खाटेखाली शोधत होती, आणि तो क्षीण आवाजात म्हणाला होता, "विमानात बघ." आणि हसला होता. त्याचे ते शेवटचे हसणे.

"तू खाटेच्या पलीकडे उभी होतीस," ती म्हणाली. "तुझा भाऊ तसाच गेला. माझी बायको ठोकळा विसरली, एवढंच धरून गेला. आणि तू त्याचा चष्मा पुसत होतीस."

वन्सं उठल्या. उशी तिथेच टाकून आतल्या खोलीत गेल्या आणि कडी लावून घेतली.

"झालं ते झालं," भिंतीपलीकडून त्या म्हणाल्या. "आता कुणाला काय पडलंय त्याचं."

खारूताईने रुमाल सोडला. ठोकळा हातात घेतला. तळव्यात जिथे बसायचा तिथेच बसला. ती त्या पातळ भिंतीपाशी गेली आणि मारले. एकदा. दोनदा. तीनदा.

भिंतीचा पोपडा पडला. तिने पुन्हा तीनदा वाजवले. थांबली. पुन्हा तीनदा. शेजारीण दारात येऊन उभी राहिली आणि तोंडावर हात ठेवून तशीच राहिली. खारूताईने तिच्याकडे पाहिलेही नाही.

कडी निघाली. वन्संच्या पायात चपला होत्या.

"कुणाकुणाला सांगायचं?"

"सगळ्यांना. आधी फोरमनला."

फोरमन तोवर वसाहतीच्या बाकावर येऊन बसला होता आणि ठोकळा कसा सापडला ते नव्या श्रोत्यांना सांगत होता. वन्सं त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. खारूताई दोन पावले मागे, हातात ठोकळा. शेजारीण तिच्याही मागे.

"तो ठोकळा मी लपवला होता," वन्सं म्हणाल्या. नेहमीच्याच हळू आवाजात, त्यामुळे सगळ्यांना गप्प होऊन ऐकावे लागले. "हिने नाही. हिने तो पायरीवर ठेवला होता. विमान उडू नये म्हणून मी उचलला, आणि नाव हिच्यावर जाऊ दिलं."

फोरमन बघतच राहिला. "तुम्ही? तुम्ही तर कधी हूं की चूं केलं नाहीत."

"म्हणूनच माझ्याकडे कुणी बघितलं नाही."

"म्हणजे कंपनी तुमच्यामुळे बुडाली म्हणायची."

वन्सं काही बोलायच्या आत खारूताई पुढे आली. "कंपनी कुणामुळे बुडाली ते इंधनवाल्याला जाऊन विचारा. मला एकच सांगा. गन तुमच्या हातात होती आणि मी तीनदा वाजवत होते. ऐकू आलं होतं की नाही?"

फोरमनने इकडेतिकडे पाहिले. मघाशी हसणारे आता त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"गन चालू असताना काय ऐकू येतंय," तो म्हणाला.

"दोन रिवेटांच्या मधे गन बंद असते."

त्याने खिशातून कंगवा काढला, पुन्हा ठेवला. मग काठी शोधू लागला. ती बाकाखाली गेली होती. कुणीही त्याला ती कुठे बघायची हे सांगितले नाही. शेवटी त्यालाच वाकून घ्यावी लागली.

दोघी घरी परतल्या, एक पुढे, एक मागे. वन्संनी चहा केला. खारूताईने तो प्यायला नाही. कपावर साय धरली आणि तो तसाच मोरीत गेला. रात्री दोघींनी पाठी फिरवून जेवण उरकले. म्हातारीचे शेपूट त्या संध्याकाळीच ट्रकवर चढून भट्टीकडे गेले होते, आणि त्या ओळीविषयी आता कुणाला काही पडताळून पाहता येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खारूताई शिवणाचा डबा उघडत होती. तिने अजून काही शोधायला सुरुवातही केली नव्हती.

"कात्री माझ्याकडे आहे," आतून वन्सं म्हणाल्या.

खारूताईने डब्याचे झाकण लावले.

"जागेवर ठेव," ती म्हणाली.